शेजाऱ्याचे झाड, आपली बाग: सावलीच्या भांडणाचा अडीच हजार वर्षांचा इतिहास

१/ शेजाऱ्याच्या झाडाची फांदी कुंपण ओलांडून आपल्या बागेवर आली आणि तिच्या सावलीत आपली रोपे खुंटू लागली, तर ती फांदी आपण कापू शकतो का? प्रश्न गृहनिर्माण संस्थेच्या सभेत शोभेल असा आहे. परंतु त्याचे लेखी उत्तर इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास रोममध्ये दिले गेले होते. आजचा धागा या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाच्या इतिहासावर.

२/ विषय सुचण्याचे कारण घरगुती. कोकणातील आमच्या गावच्या घरी आजी परसात मिरची, वांगी, भेंडी लावते. गडग्यापलीकडे शेजारच्या काकांचा फणस आहे. गेल्या काही वर्षांत त्याच्या फांद्या आमच्या बाजूला इतक्या झुकल्या की दुपारनंतर परसात ऊन उरत नाही. बाबांचे म्हणणे, गडी बोलावून आपल्या बाजूच्या फांद्या सरळ उतरवाव्यात. आजीचे म्हणणे, आधी काकांच्या कानावर घालावे. कायद्याच्या इतिहासात या दोघांपैकी कोणाची बाजू भक्कम, हे शोधता शोधता हा धागा तयार झाला.

३/ प्रश्न अवघड का आहे, ते आधी पाहू. जमिनीची हद्द दगड रोवून दाखवता येते. सावलीची हद्द दाखवता येत नाही. ती सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे. उन्हाळ्यात आखूड, हिवाळ्यात लांब. खोड एकाच्या मालकीचे, फांदीखालची जमीन दुसऱ्याच्या. शिवाय झाड हळूहळू वाढते, त्यामुळे नुकसान नेमके कोणत्या दिवशी सुरू झाले हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक समाजाला येथे काहीतरी ठोस माप शोधावे लागले.

४/ सर्वांत साधे माप अंतराचे. अथेन्सचा सोलोन इ.स.पू. ५९४ मध्ये आर्कन, म्हणजे तेथील मुख्य अधिकारी झाला. त्याच्या नावावरील नियम प्लुटार्कने नोंदवले आहेत. झाड लावायचे तर शेजाऱ्याच्या हद्दीपासून ५ फूट सोडून. अंजीर किंवा ऑलिव्ह असेल तर ९ फूट सोडून. कारणही दिले आहे: या दोन झाडांची मुळे दूरवर पसरतात आणि शेजारच्या पिकाचे पोषण ओढून घेतात. मधमाश्यांच्या पोळ्यांसाठी तर ३०० फुटांचे अंतर होते.

५/ हा नियम रोमन कायदेपंडितांनीही पुढे उद्धृत केला. त्याची मर्यादा मात्र उघड आहे. अंतराचा नियम झाड लावतेवेळी उपयोगी. आजोबांनी लावलेले झाड नातवाच्या काळात पसरले, तर त्याचे काय? तेथे अंतर कामाचे नाही. तेथे उंची मोजावी लागते, आणि ती रोमने मोजली.

६/ इ.स.पू. ४५१-४५० मध्ये रोममध्ये ‘बारा पट्टिका’ हा कायदा लिहिला गेला. मूळ पट्टिका नष्ट झाल्या. त्यांतील तरतुदी नंतरच्या लेखकांच्या उल्लेखांतून कळतात. झाडाविषयीचे कलम आपल्याला उल्पियन या कायदेपंडितामुळे ठाऊक आहे. तो इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या प्रारंभीचा, आणि त्याचे लेखन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने प्रसिद्ध केलेल्या ‘डायजेस्ट’ या संकलनात टिकून राहिले. म्हणजे नियम आणि त्याची आपल्याला मिळणारी साक्ष यांत जवळजवळ साडेसहा शतकांचे अंतर आहे, हे ध्यानात ठेवावे.

७/ नियम असा: शेजाऱ्याच्या शेतावर झुकलेल्या झाडाच्या फांद्या जमिनीपासून १५ फुटांपर्यंत छाटल्या पाहिजेत. रोमन फूट सुमारे २९.६ सेंटीमीटरचा, म्हणजे ही उंची साधारण साडेचार मीटर. आणि हेतू? उल्पियन स्पष्ट सांगतो: झाडाच्या सावलीने शेजारच्या जमिनीचे नुकसान होऊ नये. सावली हा शब्द कायद्याच्या ग्रंथात इतक्या थेट अर्थाने येणे विरळाच.

८/ येथील तडजोड पाहण्यासारखी आहे. झाड जगते. वरचा विस्तार राहतो. खालच्या फांद्या गेल्या की तिरपे ऊन आत येते. झाड शेतावर नसून घरावर झुकले असेल, तर मात्र नियम कडक: ते बुंध्यापासून तोडण्याचीही मुभा. कारण शेतावरची फांदी पीक घटवते, घरावरची फांदी छप्पर मोडते. धोका जितका मोठा, तितकी उपाययोजना कठोर.

९/ आता आमच्या घरातील वादाशी थेट संबंध असलेला मुद्दा. प्रेटर या रोमन न्यायाधिकाऱ्याच्या आदेशाची रचना अशी होती: छाटणीचे काम आधी झाडाच्या मालकाचे. त्याने ते केले नाही, तर शेजाऱ्याने स्वतः छाटावे आणि सरपणही स्वतःच ठेवावे. मालकाने त्याला बळाने अडवू नये. म्हणजे पहिली संधी मालकाला. ती त्याने दवडली तर कापण्याचे कष्ट शेजाऱ्याचे आणि लाकूडही शेजाऱ्याचे. आळसाची किंमत लाकडात मोजली जाई.

१०/ पण झाडाच्या मालकालाही संरक्षण होते. दुसऱ्याचे झाड अन्यायाने तोडल्यास प्रत्येक झाडामागे २५ ‘अस’ दंड, असे थोरला प्लिनी सांगतो. ‘अस’ हे तांब्याचे नाणे. आणि फळे शेजारच्या जमिनीवर पडली तर ती वेचण्यासाठी मालकाला एक दिवसाआड तेथे जाण्याची मुभा होती. लॅटिन मजकुरात ‘दर तिसऱ्या दिवशी’ असे आहे. परंतु रोमन लोक पहिला दिवसही मोजत, म्हणून आपल्या हिशेबाने ते एक दिवसाआड होते.

११/ त्याच सुमारास, इ.स. २०० च्या आसपास, रोमच्या सत्तेखालील पॅलेस्टाइनमध्ये ज्यू धर्मशास्त्राचा ‘मिश्ना’ हा ग्रंथ संकलित होत होता. त्यातही शेजाऱ्याच्या शेतावर झुकलेल्या झाडाचा प्रश्न आहे. मात्र तेथे फुटांऐवजी शेतकऱ्याच्या हातातील अवजार माप म्हणून आले आहे: नांगरावर उभी धरलेली पराणी जेथवर पोहोचेल, तेथवरच्या फांद्या छाटाव्यात. नांगरणीला अडथळा होऊ नये एवढीच अपेक्षा.

१२/ पण कॅरोब आणि उंबराच्या कुळातील सिकॅमोर ही झाडे असतील, तर हद्दीवर ओळंबा सोडावा आणि पलीकडे आलेले सारे कापावे. टीकाकार त्याचे कारण दाट सावली असे देतात. शेत पाटाच्या पाण्याचे असेल, तर कोणत्याही झाडाला ओळंब्याचाच नियम. पाणी देऊन पिकवलेल्या जमिनीवर सावली पडणे म्हणजे केलेले श्रम वाया जाणे. अब्बा शाऊल नावाच्या आचार्यांचे मत आणखी निराळे: फळ न देणाऱ्या प्रत्येक झाडाला ओळंबा लावावा. कोरडवाहू की बागायती, फळझाड की बिनफळाचे, असा भेद करणारा हा नियम शेती जाणणाऱ्यांनी केलेला दिसतो.

१३/ आता भारताकडे येऊ. येथील शास्त्रग्रंथांत झाड प्रामुख्याने येते ते हद्दीचा साक्षीदार म्हणून. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावाच्या सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावर, साल, ताड असे वृक्ष लावावेत असे सांगितले आहे. दगड हलवता येतो. वड हलवता येत नाही. म्हणजे ज्या झाडाला रोममध्ये हद्द ओलांडणारा म्हणून पाहिले गेले, तेच येथे हद्द राखणारे ठरले.

१४/ फांदी तोडण्याचे दंडही दिलेले आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात नगरातील उपवनांमधल्या, फुले, फळे आणि सावली देणाऱ्या झाडांचे कोंब तोडल्यास ६ पण, लहान फांदीस १२ आणि जाड फांदीस २४ पण दंड आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत उपजीविकेच्या झाडांसाठी फांदी, खोड आणि संपूर्ण झाड यांना अनुक्रमे २०, ४० आणि ८० पण. लक्षात घ्या, अर्थशास्त्राच्या यादीत सावली ही फळाच्या बरोबरीने येते. ती झाडाचा गुण आहे, दोष नव्हे.

१५/ शेजाऱ्यांमधील वाटणीचा नियम कात्यायनाच्या नावावर आहे. दोन शेतांच्या सीमेवरच उगवलेल्या झाडाची फळे-फुले दोन्ही शेतमालकांची सामाईक. कात्यायनस्मृतीचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. निबंधग्रंथांत विखुरलेले तिचे श्लोक गोळा करून ते १९३३ मध्ये प्रसिद्ध केले रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या पांडुरंग वामन काणे यांनी. धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिणाऱ्या काण्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळाले.

१६/ मराठी वाचकांना येथे आणखी एक मजकूर आठवेल: आरमारासाठी लाकूड घेताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये. समाजमाध्यमांवर तो ‘शिवरायांचे पत्र’ म्हणून फिरतो. वास्तविक तो ‘आज्ञापत्र’ या ग्रंथातील आहे. त्याचे कर्ते रामचंद्रपंत अमात्य आणि काळ १७१५ च्या सुमाराचा, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सुमारे ३५ वर्षांचा. शिवकाळात वावरलेल्या अमात्यांनी त्या काळची राजनीती त्यात नोंदवली, असे म्हणणे रास्त. पण पत्र म्हणणे चूक.

१७/ आज्ञापत्रातील तर्क आपल्या विषयाच्या गाभ्याशी जातो. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. जबरदस्ती करू नये. म्हणजे प्रत्यक्ष राज्याच्या आरमारालाही आधी विचारावे लागे. आजीच्या बाजूने हा पुरावा मोठाच.

१८/ तरीही सावध राहिले पाहिजे. ‘ते झाडे तोडणारे, आपण जपणारे’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि खोटे आहे. दुसऱ्याचे झाड तोडण्याला रोममध्येही दंड होता. शिवाय स्मृतिग्रंथ हे काय व्हावे ते सांगतात. काय झाले ते सांगतातच असे नाही. मराठेशाहीत शिवेचे तंटे गोतसभेपुढे जात आणि निवाड्याचा महजर होई. तेथे श्लोकापेक्षा गावातील जाणत्यांची साक्ष अधिक वजनदार असे.

१९/ आधुनिक काळात हा प्रश्न संहितांमध्ये गेला. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेने पुन्हा अंतर मोजले: स्थानिक रूढी नसेल तेथे उंच वाढणाऱ्या झाडासाठी हद्दीपासून २ मीटर, इतरांसाठी अर्धा मीटर. आत शिरलेली मुळे शेजाऱ्याने स्वतः तोडावीत. फांद्या मात्र स्वतः तोडायच्या नाहीत, मालकाला तोडायला भाग पाडायचे. १८८१ च्या दुरुस्तीने आणखी एक भर घातली: आपोआप पडलेली फळे ज्याच्या जमिनीवर पडली त्याची. रोमच्या नेमके उलट.

२०/ पोर्तुगालने १८६७ च्या संहितेत अंतराची अट सोडूनच दिली. झाड कुठेही लावा. पण मुळे किंवा फांद्या पलीकडे गेल्या, तर शेजाऱ्याने आधी मालकाला विनंती करावी; तीन दिवसांत त्याने काही केले नाही, तर हद्दीच्या उभ्या रेषेपर्यंत शेजाऱ्याने स्वतः कापावे. ही संहिता १८७० पासून गोव्यातही लागू झाली. माडांच्या आणि फणसांच्या त्या प्रदेशात ‘आधी सांगा, मग तीन दिवस थांबा’ हा नियम कागदावर आला तो असा.

२१/ १९०० मध्ये अमलात आलेल्या जर्मन संहितेनेही मालकाला वाजवी मुदत देण्याची अट घातली. वर असेही म्हटले की फांदीमुळे जमिनीच्या वापरात बाधा येत नसेल, तर ती कापण्याचा हक्कच नाही. केवळ हद्द ओलांडली एवढ्याने कोयती उचलता येत नाही. नुकसान दाखवावे लागते.

२२/ बाबांच्या बाजूचा पुरावा इंग्लंडात सापडला. ‘लेमन विरुद्ध वेब’ या खटल्यात एका जमीनमालकाने शेजाऱ्याच्या जुन्या झाडांच्या आपल्यावर आलेल्या फांद्या कोणतीही सूचना न देता कापल्या. पहिल्या न्यायाधीशाने सूचना आवश्यक मानली. वरच्या न्यायालयाने ते फिरवले आणि १८९४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने शिक्कामोर्तब केले: शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल न टाकता फांद्या कापता येत असतील, तर सूचनेची गरज नाही. फांद्या कितीही वर्षे तशाच असल्या, तरी त्यांना तेथे राहण्याचा हक्क मिळत नाही.

२३/ पण कापणाऱ्याला सारेच मिळाले नाही. १९१९ च्या ‘मिल्स विरुद्ध ब्रूकर’ या खटल्यात शेजाऱ्याने आपल्या बाजूला आलेली सफरचंदे काढून विकली. न्यायालय म्हणाले, फांदी कापण्याचा हक्क आहे, फळ घेण्याचा नाही; फळ झाडाच्या मालकाचेच. रोमन शेजारी कापलेले लाकूड घरी नेई, इंग्रज शेजाऱ्याला सफरचंदही ठेवता आले नाही.

२४/ भारतात ब्रिटिश काळात हीच दिशा घेतली गेली. मुंबई उच्च न्यायालयानेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, वर्षानुवर्षे झुकलेल्या फांदीला वहिवाटीचा हक्क मिळत नाही, अशीच भूमिका घेतली. मग उन्हाचे काय? १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा १८९१ मध्ये मुंबई प्रांतास लागू झाला. त्याच्या कलम १५ नुसार इमारतीला २० वर्षे अखंड मिळालेल्या प्रकाशावर हक्क सांगता येतो. पण कलम १७ म्हणते, मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेडावर आणि हवेवर असा हक्क वहिवाटीने मिळत नाही.

२५/ याचा अर्थ नीट समजून घ्या. आजीच्या खिडकीतील उजेडाला कायदा ओळखतो; आजीच्या मिरच्यांवरील उन्हाला ओळखत नाही. फणस सरळ उभा वाढून त्याच्याच हद्दीतून सावली टाकता, तर आमच्याकडे बोलायला काहीच उरले नसते. आमची बाजू उभी आहे ती फक्त फांदी गडगा ओलांडून आली म्हणून. ज्या सावलीपासून रोममध्ये हा नियम सुरू झाला, ती सावली येथे कायद्याच्या नजरेतून निसटली.

२६/ विसाव्या शतकात प्रकरणात तिसरा पक्ष आला: शासन. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी झाडे आहेत. ती मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करणारा कायदा आहे. त्यात जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे हे ‘तोडणे’ या व्याख्येतच येते, आणि त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले. गोव्यात १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे.

२७/ म्हणून शहरातील मित्रांना सांगणे: १८९४ च्या निकालाच्या जोरावर कुऱ्हाड उचलू नका. दिवाणी हक्क शाबूत असला, तरी आधी महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. शेजाऱ्याला न विचारता कापण्याचा हक्क इंग्रजी कायद्याने दिला. शहराला विचारल्याशिवाय कापू नये असे आपल्या विधिमंडळाने सांगितले.

२८/ आणि इंग्लंड? १८८८ मध्ये वेल्समधील लेटन हॉल येथे दोन जातींच्या संकरातून लेलँडी नावाचा सदाहरित वृक्ष निपजला. तो भराभर वाढतो, म्हणून पुढे घरोघरी त्याची कुंपणे झाली आणि शेजारच्या बागा अंधारल्या. फांदी ओलांडतच नव्हती, म्हणून जुना निकाल निरुपयोगी. अखेर २००३ च्या कायद्याने २ मीटरहून उंच सदाहरित कुंपणाविरुद्ध तक्रारीची सोय केली. ती २००५ पासून अमलात आली. एकट्या झाडाला हा कायदा लागू नाही.

२९/ त्या कायद्यातील एक अट मात्र महत्त्वाची आहे. तक्रारदाराने शेजाऱ्याशी बोलून प्रश्न सोडवण्याचा वाजवी प्रयत्न केला नसेल, तर स्थानिक परिषद तक्रार पुढे न चालवण्याचा निर्णय घेऊ शकते. १८९४ मध्ये ‘सांगण्याची गरज नाही’ म्हणणारा देश शंभर वर्षांनी ‘आधी बोलून या’ म्हणू लागला. रोमचा प्रेटर, गोव्यात आलेली पोर्तुगीज संहिता, आज्ञापत्र आणि हा इंग्रजी कायदा यांत साम्य एवढेच, पण ते पुरेसे आहे: कोयतीच्या आधी शब्द.

३०/ या साऱ्यातून मला उमगले ते असे. मापे बदलत राहिली: ५ फूट, १५ फूट, पराणी, ओळंबा, २ मीटर. कोणतेही माप सर्वांना पटले नाही, कारण सावली मोजता येत नाही. पहिला बोलण्याचा क्रम मात्र ठरवता येतो, आणि टिकाऊ ठरलेल्या नियमांनी तोच ठरवला. शेजारी उद्याही तेथेच राहणार असतो. फांदी कापून झाल्यावरही.

३१/ आमच्या घरी काय झाले? कायद्याने बाबा बरोबर होते. तरी ते आणि आजी काकांकडे गेले. काका गडग्याच्या या बाजूला येऊन बराच वेळ वर पाहत उभे राहिले. त्यांनी इकडून आपले झाड अनेक वर्षांत पाहिलेच नव्हते. फणस उतरल्यावर खालच्या तीन फांद्या त्यांनी स्वतः उतरवून दिल्या. चौथी जाड फांदी द्यायला ते तयार नव्हते. सर्वाधिक फळ तिलाच धरते. आजीने मिरच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेल्या आणि त्या फांदीखाली हळद लावली. हळदीला सावली चालते.

३२/ तुमच्या गावात बांधावरच्या झाडाच्या फळांची वाटणी कशी होते? पडलेला आंबा कोणाचा मानतात? अशा रूढी कुठेच लिहिलेल्या नसतात आणि जाणत्या माणसांबरोबर विसरल्या जातात. आपल्या आजी-आजोबांना विचारून या धाग्याखाली जरूर लिहा, तालुक्याच्या नावासह. धागा समाप्त.